सर फ्लिंडर्स पेट्री : खापरांचा पारखी

सोने वितळवून पुन्हा घडविता येते, तांब्यापितळेची भांडी मोडीत घालता येतात, जुने लाकूड निदान चुलीत तरी जाते. परंतु फुटलेले मडके उकिरड्यावर पडते व तेथेच राहते. चोर त्याला हात लावीत नाही, वाळवी त्याला खात नाही, पाण्याने ते कुजत नाही. ईयोबाचे सर्वस्व गेले तेव्हा त्याच्या हाती खापरीच तेवढी उरली होती, हे पवित्र शास्त्राच्या वाचकांस ठाऊक आहेच. राजांची नावे पुसली जातात, राजवाड्यांचे दगड काढून लोक आपल्या घरांस लावतात. पण त्याच राजवाड्याच्या पाकशाळेतून बाहेर फेकलेली खापरी तीन हजार वर्षांनंतरही जेथल्या तेथे सापडते. अशा ह्या टाकाऊ वस्तूस बोलके करणाऱ्या एका पुरुषाचे चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

विल्यम मॅथ्यू फ्लिंडर्स पेट्री ह्यांचा जन्म इंग्लंडात, लंडनजवळील चार्लटन येथे, ता. ३ जून १८५३ रोजी झाला. ऑस्ट्रेलिया खंडास गलबतातून प्रदक्षिणा घालून त्याच्या किनाऱ्याचा नकाशा करणारे कप्तान मॅथ्यू फ्लिंडर्स हे त्यांचे आईकडचे आजोबा. वडील मोजणीच्या व यंत्रांच्या कामात निष्णात होते. आईला भाषांचा व खनिजांच्या संग्रहाचा नाद होता. मुलगा लहानपणापासून दमेकरी व अशक्त असल्यामुळे त्याला शाळेत पाठविता आले नाही, आणि शाळेचे तोंड न पाहता हा मुलगा पुढे विद्यापीठात प्राध्यापक झाला. हे वाक्य वाचून आमच्या काही विद्यार्थ्यांचे चेहरे खुलतील. म्हणून लगेच सांगितले पाहिजे की, शाळेत जो अभ्यास करावा लागतो त्याच्या दुप्पट ह्या मुलाने घरी स्वतःहून केला. आईजवळ तो नाणी व दगड ओळखावयास शिकला, वडिलांजवळ मोजावयास. पित्यापुत्रांनी मिळून इंग्लंडातील स्टोनहेंज येथील प्रचंड शिळांची मोजणी केली, आणि मुलाने १८८० साली त्यांविषयी एक पुस्तक छापले.

तो आठ वर्षांचा असताना घरी आलेल्या काही स्नेह्यांनी एका रोमन वाड्याच्या उत्खननाची हकीकत सांगितली. मजुरांनी कुदळ-फावड्यांनी माती कशी उपसली हे ऐकून त्या बालकास फार वाईट वाटले. माती बोटबोट खरवडून काढावी व प्रत्येक थरात काय आहे ते पाहावे, असे त्याने त्या वडीलधाऱ्या मंडळीस सुनावले. ही आठवण पेट्री ह्यांनीच म्हातारपणी लिहून ठेविली आहे. म्हातारपणच्या आठवणींस थोडी कल्हई लागलेली असते हे खरे. परंतु ही गोष्ट त्यांच्या पुढील साठ वर्षांच्या उद्योगाशी इतकी जुळते की, ती गाळण्याचे आमच्याने होत नाही.

आता त्यांच्या पहिल्या मोठ्या कार्याकडे वळू. त्या काळी स्कॉटलंडातील पियाझी स्मिथ नामक एका ज्योतिर्विदाने असे मत मांडले होते की, मिसर देशातील मोठा पिरॅमिड हे मनुष्याच्या बुद्धीचे काम नसून त्याची मापे ईश्वरी प्रेरणेने ठरविली गेली आहेत. पायाच्या एका बाजूची लांबी पंचवीस विशिष्ट इंचांच्या हाताने मोजली तर वर्षाच्या दिवसांइतकी भरते, असा त्याचा हिशेब होता. पेट्री ह्यांचे वडील धार्मिक वृत्तीचे होते. त्यांची स्मिथशी मैत्री होती व त्या मतावर त्यांचा विश्वास बसला होता. मुलालाही आरंभी ते मत पटले होते. मिसरास जाऊन सूक्ष्म मोजणी करावी व शंकेखोरांची तोंडे बंद करावी, असा बेत ठरला. वडिलांचे निघणे लांबतच गेले, तेव्हा १८८० च्या डिसेंबरात मुलगा एकटाच गेला.

गिझे येथे त्यांनी खडकात कोरलेल्या एका जुन्या थडग्यात बिऱ्हाड थाटले. प्रवाशांचा त्रास चुकविण्यासाठी ते पिरॅमिडच्या आतले काम रात्री करीत. आत उकाडा फार, म्हणून अंगावर गुलाबी रंगाचे अंतर्वस्त्र तेवढे ठेवीत. ते ध्यान पाहून हा कोणी वेडा आहे अशा समजुतीने आगाऊ प्रवासी दूर राहत, हा आणखी एक लाभ. दोन हिवाळे त्यांनी मोजणी केली. पायाच्या बाजूची सरासरी लांबी ९०६८.८ इंच भरली. स्मिथच्या मताप्रमाणे ती सुमारे ९१४० इंच हवी होती. म्हणजे सत्तर इंचांची, जवळजवळ सहा फुटांची, तूट आली. वडिलांचे व वडिलांच्या मित्राचे आवडते मत ह्या सत्तर इंचांत बुडाले. १८८३ साली पेट्री ह्यांनी आपली मापे जशीच्या तशी छापली. ईश्वराचा गौरव करण्यास असत्य मापाचे साहाय्य लागत नाही, अशी आमची श्रद्धा आहे. परंतु घरच्या माणसांच्या श्रद्धेविरुद्ध फूटपट्टी धरणे सोपे नसते, हेही आम्ही जाणतो.

ह्या मोजणीच्या दिवसांतच पेट्री ह्यांच्या ध्यानात आले की, मिसर देशातील प्राचीन वस्तूंची धूळधाण चालली आहे. खोदणारे लोक सोने, पुतळे व शिलालेख तेवढे उचलीत आणि बाकीचे फेकून देत. फेकलेल्या ढिगाऱ्यांत खापरेच अधिक असत. त्यांकडे पेट्री पाहू लागले. लंडनातील मिसर-संशोधन निधीने त्यांस कामावर घेतले तेव्हा त्यांचे वय तिशीच्या घरात होते.

गिझे येथे असताना एका माणसाने त्यांस ग्रीक धर्तीची एक लहान मूर्ती विकली होती. ती कोठून आली ह्याचा माग काढीत ते नाईल नदीच्या मुखाकडील प्रदेशात एका टेकाडावर पोचले. पाहतात तो पायाखाली सर्वत्र जुन्या ग्रीक भांड्यांची खापरे पसरलेली! १८८४-८५ च्या हिवाळ्यात तेथे खणले असता नावाचा लेखच मिळाला. मिसरात ग्रीक व्यापाऱ्यांस राहण्यासाठी नेमून दिलेले नौक्रातिस नगर ते हेच. पुढल्याच वर्षी दफने नामक गावी त्यांनी एक मोडका किल्ला खणला. तेथील अरब लोक त्या जागेस यहुदी कन्येचा वाडा म्हणत. यिर्मया संदेष्ट्याच्या त्रेचाळिसाव्या अध्यायात ज्या तहपन्हेस नगराचा उल्लेख आहे ते हेच असावे असे पेट्री ह्यांनी ठरविले, आणि वाड्यापुढे विटांची एक फरसबंदीही त्यांस आढळली. संदेष्ट्याने फारोच्या घराच्या दाराशी विटांच्या फरसबंदीत धोंडे पुरल्याची कथा आमच्या वाचकांस आठवेल. येथेही चित्रे काढलेली ग्रीक भांडी निघाली, कारण त्या किल्ल्यात फारोचे भाडोत्री ग्रीक शिपाई राहत असत.

खापरांवरून गाव कोणाचे हे कळते, एवढे येथवर सिद्ध झाले. परंतु गाव केव्हाचे हे कसे कळावे? ह्याचे उत्तर १८९० साली पॅलेस्टाइनात मिळाले. तेल एल् हसी नावाच्या एका उंच टेकाडाची एक बाजू ओढ्याने कापून काढली होती, त्यामुळे एकावर एक वसलेल्या वस्त्यांचे थर उघडे पडले होते. सहा आठवडे पेट्री त्या कड्यावर चढउतार करीत होते. कोणत्या उंचीवर कोणत्या घडणीचे खापर आहे, ह्याची त्यांनी बारकाईने टिपणे केली. त्यांतील काही जातींची भांडी मिसरात कोणत्या राजाच्या काळी वापरात होती हे त्यांस ठाऊक होते. तेवढ्या आधारावर साऱ्या थरांचा काळ बसविता आला. पॅलेस्टाइनात काळ मोजण्याचे साधन म्हणून खापरांचा उपयोग प्रथम झाला तो येथे. हे टेकाड म्हणजे पवित्र शास्त्रातील लाखीश, असे त्यांनी म्हटले, ते मात्र टिकले नाही. लाखीश दुसरीकडे, तेल एद्-दुवेर येथे होते. तेथे त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या जेम्स स्टार्की ह्यांनी खणले, आणि १९३५ साली त्यांस शाईने लिहिलेली प्राचीन पत्रे मिळाली. ती लिहिली होती खापरांवर.

ह्याच सुमारास मिसरातील काहून व गुरोब ह्या गावी पेट्री ह्यांस काही परकी भांडी सापडली. त्यांचा रंग, त्यांवरील नक्षी, माती, काहीच मिसरी वाटेना. समुद्रापलीकडील एजियन बेटांकडे त्यांचे मूळ असावे, असा त्यांनी तर्क केला. १८९१ साली ते ग्रीस देशात जाऊन मायसीनी येथील भांडी पाहून आले आणि गुरोबची खापरे त्यांच्याच जातीची आहेत अशी त्यांची खात्री पटली. मिसरातील राजांचा काळ ठाऊक असल्यामुळे मायसीनीचा काळही हाती आला. काहूनच्या खापरांस जोड मिळण्यास थोडा वेळ लागला. क्रीट बेटातील कामारेस गुहेतील भांडी १८९५ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ती काहूनच्या भांड्यांची भावंडेच ठरली. क्रीटमधील ते पुरातन राज्य जगापुढे येण्यापूर्वीच त्याची मडकी मिसराच्या एका खेड्यात पेट्री ह्यांनी वेगळी काढून ठेविली होती!

१८९१-९२ साली त्यांनी एल् अमर्ना येथे खणले. हाताखाली सतरा वर्षांचा एक चित्रकार पोरगा होता, त्याचे नाव हॉवर्ड कार्टर. तूतनखामेनची कबर १९२२ साली ज्याने शोधून काढली तोच हा. अमर्नाच्या राजवाड्याच्या उकिरड्यांतून मायसीनी धर्तीची हजाराहून अधिक खापरे निघाली. १८९२ साली निधीच्या संस्थापिका कुमारी अमीलिया एडवर्ड्स वारल्या व त्यांच्या मृत्युपत्रातील पैशातून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मिसरी पुरातत्त्वाचे अध्यापकपद निघाले. त्यावर पहिली नेमणूक पेट्री ह्यांची झाली.

मजुरांशी त्यांची वागणूक कशी होती, हेही सांगितले पाहिजे. मजुरास जी वस्तू सापडेल तिची बाजारात जी किंमत येईल तेवढे बक्षीस ते त्यास लगेच देत. त्यामुळे लपवाछपवी करण्याचे कारण उरत नसे. कुफ्त गावच्या माणसांस त्यांनी इतके तरबेज केले की, पुढे पिढ्यान्‌पिढ्या ते उत्खननाचे वाकबगार कारागीर म्हणून नावाजले गेले. अली सुएफी नामक एक मजूर तर त्यांचा उजवा हात होता. राहणीच्या बाबतीत साहेब भलतेच काटकसरी. उरलेले डबाबंद अन्न पुढच्या हंगामासाठी वाळूत पुरून ठेवीत, आणि डबा भिंतीवर आपटून फुटला नाही तर आतले अन्न खाण्याजोगे समजत, अशी कथा त्यांचे शिष्य सांगत. त्यांच्या पंगतीस बसण्याचा योग आला नाही ह्याचे आम्हास तरी दुःख नाही.

आता त्यांच्या हातून झालेल्या मोठ्या चुकीची हकीकत. १८९४-९५ साली नकादा येथे त्यांनी दोन हजारांवर कबरी उघडल्या. प्रेते पाय दुमडून कुशीवर निजविलेली. त्यांना मसाला भरलेला नाही. कोठे एक अक्षर कोरलेले नाही. आणि भांडी पाहावी तर चाकाशिवाय हाताने घडविलेली, तांबडी, काठाशी काळी. ओळखीचे मिसरी मडके एकही नाही. पेट्री ह्यांनी असे अनुमान केले की, हे लोक मिसरी नव्हेत. जुन्या राज्याचा मोड झाल्यावर बाहेरून चालून आलेला हा एक नवा वंश होय. झाक द मॉर्गन ह्या फ्रेंच संशोधकाने १८९६ साली त्याविरुद्ध मत दिले. हे लोक नवे नसून सर्वांहून जुने आहेत, पहिल्या फारोच्याही आधीचे खुद्द मिसरी पूर्वज आहेत, असे त्याचे म्हणणे. तेच खरे होते.

ही चूक केवळ घाईची नव्हती. जे जे नवे दिसते ते एका नव्या वंशाने बाहेरून आणलेले असते, माणसांचे गुण त्यांच्या वंशात असतात व ते कवटीच्या मापांवरून ओळखता येतात, असे पेट्री ह्यांस मनापासून वाटे. ह्या मताचा त्यांनी पुढेही हिरीरीने पुरस्कार केला. काही वंश उच्च व काही हीन, ह्या समजुतीने विसाव्या शतकात केवढा अनर्थ केला हे जगाने पाहिले आहे. सर्व मनुष्यजाती एकाच रक्ताची आहे असे मानणाऱ्या आम्हांस हे मत तेव्हाही मान्य होण्याजोगे नव्हते. ज्याने पिरॅमिडच्या बाबतीत आवडते मत मापापुढे झुकविले, त्यालाच माणसांच्या बाबतीत ते साधले नाही.

नकादाच्या चुकीपुरते मात्र त्यांनी मन मोठे केले. मॉर्गनचे म्हणणे त्यांनी मानले, आणि ह्या अक्षरहीन लोकांच्या कबरी कोणती आधीची, कोणती नंतरची हे ठरविण्याच्या मागे ते लागले. राजांची नावे नाहीत, नाणी नाहीत, एकावर एक थरही नाहीत. वाळूत सुटी सुटी पुरलेली प्रेते व त्यांशेजारची मडकी, एवढीच सामग्री. पेट्री ह्यांनी नऊशे कबरींच्या नऊशे कागदी पट्ट्या केल्या व प्रत्येक पट्टीवर त्या कबरीत कोणत्या घडणीची भांडी होती ते रकाने पाडून लिहिले. मग सारख्या पट्ट्या जवळ येतील अशा रीतीने त्या पुनःपुन्हा मांडल्या.

पट्ट्यांची रांग कोणत्या टोकापासून वाचावी, हे एका मडक्याने सांगितले. आरंभी त्याचे पोट फुगीर असून दोन्ही अंगांस धरण्याजोग्या नागमोडी कडा होत्या. कालांतराने मडके निमुळते होत गेले, कडा लहान झाल्या, आणि शेवटी नळकांड्यासारख्या भांड्यावर एक नागमोडी रेघ तेवढी उरली. धरण्याची मूठ आधी व तिची नुसती खूण नंतर, हा क्रम उलटा होऊ शकत नाही. कोटाच्या बाहीवरील ज्या गुंड्या आज काहीच अडकवीत नाहीत त्या एके काळी काहीतरी अडकवीत असत, तसेच हे. अशा प्रकारे पेट्री ह्यांनी ३० पासून ८० पर्यंत आकडे देऊन पन्नास पायऱ्या पाडल्या. पहिले आकडे रिकामे ठेवले, कारण ह्याहून जुने काही पुढे सापडेल हे त्यांनी गृहीत धरले होते. आणि ते सापडलेही. १८९९ साली जाहीर झालेली ही पद्धती पुढे सुधारली गेली. परंतु लेखावाचून काळाचा क्रम लावता येतो, हा तिचा पाया कायम आहे.

१८९६ साली त्यांस थेब्स येथे फारो मर्नेप्ताहचा काळा शिलालेख मिळाला. त्यात इस्राएल हे नाव आहे. मिसरी लेखांत ते नाव ठामपणे वाचता येते असे स्थळ हेच, म्हणून पवित्र शास्त्राच्या अभ्यासकांत पेट्री ह्यांची कीर्ती बहुधा ह्या एका दगडामुळे आहे. त्याच वर्षी हिल्डा अर्लिन ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. बाईसाहेब उत्तम नकाशे काढीत, शिड्यांवरून खोल विवरांत उतरत आणि उत्खननांसाठी वर्गणीही गोळा करीत.

डोळ्यांनी खापर ओळखणारा कितीही मोठा असला तरी डोळ्यांस मर्यादा असतेच. अबिडोस येथील पहिल्या राजवंशाच्या कबरी १८९९ पासून पेट्री ह्यांनी पुन्हा तपासल्या. आधीच्या खोदणाऱ्याने टाकून दिलेल्या तुकड्यांतून त्यांनी राजांची परंपरा जुळविली. तेथेही परकी भांडी निघाली, आणि तीही एजियन बेटांकडचीच असावीत, असे त्यांस वाटले. काहूनच्या वेळी हा तर्क बरोबर ठरला होता. ह्या वेळी तो चुकला. ती भांडी पॅलेस्टाइन-सीरियाच्या किनाऱ्याकडून आली होती.

असा निवाडा करण्याची साधने त्यांच्या पश्चात हाती आली. खापराचा पातळ काप काचेवर चिकटवून एक मिलिमीटराच्या तीन शतांश इतका घासला म्हणजे त्यातून उजेड आरपार जातो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मातीत मिसळलेले वाळूचे, चुनखडीचे, ज्वालामुखी खडकाचे कण ओळखता येतात. ते खडक ज्या मुलखात असतात तेथला कुंभार, असा हा पुरावा. दुसरी रीत अणुशास्त्राची. १९५६ साली अमेरिकेतील ओपेनहायमर ह्यांनी ती सुचविली. खापराच्या भुकटीवर न्यूट्रॉनांचा मारा केला म्हणजे तिच्यातील मूलद्रव्ये किरण फेकू लागतात. त्या किरणांवरून लाखांत एखादा भाग असलेल्या द्रव्यांचेही प्रमाण निघते. प्रत्येक ठिकाणच्या मातीत हे प्रमाण निराळे असते. अमर्नाच्या मायसीनी खापरांची अशी परीक्षा झाली, तेव्हा ती खरोखरच ग्रीस देशातील मायसीनीच्या परिसरातील मातीची ठरली. पेट्री ह्यांच्या डोळ्यांनी दिलेला निकाल शंभर वर्षांनी न्यूट्रॉनांनी कायम केला. अमर्ना येथे मिळालेल्या मातीच्या पत्र-विटांचीही तपासणी झाली आहे. अलाशिया देशाच्या राजाने धाडलेल्या पत्रांची माती सायप्रस बेटातली निघाली, आणि अलाशिया कोठे ह्या जुन्या वादाचा निकाल लागला.

तथापि यंत्रापुढेही मान डोलावून चालत नाही. अबिडोसच्याच दुसऱ्या एका प्राचीन राजाच्या कबरीत १९८८ साली शेकडो मद्यकुंभ सापडले. मूलद्रव्यांचा हिशेब करणारे म्हणाले, हे पॅलेस्टाइनचे. सूक्ष्मदर्शकातून पाहणारे म्हणाले, ही माती मिसरातलीच. दोन्ही पक्ष विद्वान, दोन्ही प्रामाणिक.

आपल्या महाराष्ट्राचा ह्या विषयाशी संबंध आहे. नेवासे येथे डेक्कन कॉलेजाच्या मंडळींनी १९५४ ते १९५६ पर्यंत प्रवरेच्या काठी उत्खनन केले, त्यात पश्चिमेकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे मिळाली. त्या कामाचे प्रमुख डॉ. सांकलिया इंग्लंडात मॉर्टिमर व्हीलर ह्यांच्या हाताखाली उत्खनन शिकले होते. पुढे असे दिसून आले की, पश्चिम भारतात रोमन म्हणून गणली गेलेली कित्येक खापरे रोमन नसून इराणी आखाताच्या बाजूची आहेत. माती तपासली नसती तर सगळा माल रोमच्याच नावे जमा झाला असता.

पेट्री ह्यांस १९२३ साली सर ही पदवी मिळाली. १९२६ पासून ते पुन्हा पॅलेस्टाइनात, गाझाच्या आसमंतात खणू लागले. १९३३ साली त्यांनी अध्यापकपद सोडले व ते यरुशलेमेत जाऊन राहिले. तेथेच १९४२ च्या जुलै महिन्यात, वयाच्या नव्वदीत, त्यांचा अंत झाला. सियोन डोंगरावरील ख्रिस्ती स्मशानभूमीत त्यांचे धड पुरले आहे. मस्तक मात्र त्यांच्याच इच्छेप्रमाणे लंडनच्या शस्त्रवैद्यांच्या महाविद्यालयास देण्यात आले. कवट्या मोजणाऱ्याने आपली कवटीही मोजावयास देऊन टाकली, असे म्हणावे लागते.

त्यांनी जमविलेल्या वस्तू युनिव्हर्सिटी कॉलेजाने १९१३ साली विकत घेतल्या. त्यांच्या नावाने चालणाऱ्या लंडनातील पदार्थसंग्रहालयात आज ऐंशी हजारांवर वस्तू आहेत. तेथे सोन्याच्या मूर्ती पाहावयास जाणाऱ्याची निराशा होते. कपाटामागून कपाटे मडक्यांनी भरलेली आहेत, आणि कित्येकांच्या अंगावर ती कोणत्या कबरीतील हे शाईने लिहिलेले अजून वाचता येते.